तीन भिंतींचा फळा

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, आमच्या शाळेच्या मागच्या व्हरांड्यातल्या शेवटच्या खोलीला नवं कुलूप लागलेलं सकीनाबाई मन्यार यांनी पाहिलं. त्यांच्या पिशवीत जुन्या कुलपाची किल्ली होती आणि पाठीमागे शनिवारच्या वर्गाची मुलं उभी होती. शिपाई खाली मान घालून म्हणाला, “बाई, माले काही माहीत नही. वरतून सांगेल शे.” बाईंनी किल्ली परत पिशवीत ठेवली, मुलांना घेऊन त्या पाण्याच्या टाकीपाशी गेल्या आणि टाकीच्या सिमेंटच्या अंगावर खडूने त्या दिवसाचं गणित लिहिलं.

गौरवग्रंथातला लेख कुलपापासून सुरू करत नाहीत, याची मला कल्पना आहे. समितीने मला ‘गोड आठवणी लिहा’ असं सांगितलं. आठवणी गोडच आहेत आणि त्या मी लिहिणार आहे. पण ज्या बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त संस्था शाल, श्रीफळ आणि हा ग्रंथ देणार आहे, त्याच बाईंच्या वर्गाला त्याच संस्थेने समारंभाच्या तोंडावर कुलूप घातलं. हे गाळून गोड लिहायला मला कोणी शिकवलं नाही आणि या वयात मी ते शिकणार नाही.

सकीनाबाईंची आणि माझी पहिली भेट शाळेच्या स्टाफरूममध्ये झाली. मी इंग्रजी शिकवायला नव्याने रुजू झाले होते. तापीकाठच्या शेतकरी घरातली मुलगी, पण वडिलांनी लहानपणीच कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात ठेवलेली. त्यामुळे माझं मराठी इस्त्री केलेलं, माझी वेणी घट्ट आणि मतं त्याहून घट्ट. टेबलाच्या टोकाशी एक बाई घटक चाचणीचे पेपर तपासत बसल्या होत्या. साधी फिकट साडी, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत काचेच्या भरपूर बांगड्या. एका पेपरवर त्या इतका वेळ बोट ठेवून बसल्या होत्या, की मला वाटलं त्यांना झोप लागली.

मी डोकावून पाहिलं. सहाशे बाराला सहाने भागायचं होतं. मुलीने उत्तर काढलं होतं बारा.

“चुकलंय की हे,” मी म्हटलं. “शून्य द्या आणि पुढचा घ्या.”

सकीनाबाईंनी वर पाहिलं. ओळख नाही, पाळख नाही, आणि ही कोण सांगणारी, असं त्या म्हणू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, “बसा ना. हे बघा, सहाला सहाने भाग लावला, वर एक लिहिला. बरोबर आहे. मग एक खाली घेतला. तेही बरोबर. एकाला सहाचा भाग जात नाही हे तिला कळलंय, म्हणून तिने लगेच दोन ओढून घेतला आणि बारा केले. मधे वर शून्य मांडायचं राहून गेलं. एवढंच.” आणि त्यांनी शिसपेन्सिलीने ‘एक खाली घेतला’ त्या ओळीखाली एक बारीक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: ‘इथपर्यंत बरोबर.’

पेपरावर कुठेही फुली नव्हती. लाल शाई तर त्यांच्याकडे नव्हतीच.

मी ज्या शाळेत वाढले तिथे सिस्टर उत्तराच्या चौकटीत बघत. चौकटीत बरोबर आकडा असेल तर टिक, नसेल तर फुली, आणि फुली इतक्या जोरात की मागच्या पानावर उमटायची. त्या शिस्तीने माझं काही वाईट झालं नाही. म्हणून मी सकीनाबाईंशी पहिल्याच दिवशी भांडले. मी म्हटलं, तुम्ही मुलांना लाडावून ठेवाल, उद्या दुकानदार ‘इथपर्यंत बरोबर’ म्हणून सोडणार आहे का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, “दुकानदार फुली मारतोच हो, मॅडम. त्याच्या आधी कोणीतरी बोट ठेवून दाखवायला पाहिजे ना.” आमचं ते भांडण आजपर्यंत चालू आहे. मी अजूनही म्हणते की शुद्धलेखनात ‘इथपर्यंत बरोबर’ चालत नाही. त्या म्हणतात, चालतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी त्या मुलीला बोलावलं. चूक दाखवली नाही. फक्त विचारलं, “बारा सहा दाव किती व्हतस, सांग.” मुलीने बोटं मोजून बहात्तर सांगितलं. “आनि आपले किती वाटना व्हतात?” मुलगी म्हणाली, सहाशे बारा. मग तिने एकदम पेपर ओढून घेतला, रेघेपाशी गेली आणि तिथून पुढे नव्याने लिहू लागली. सकीनाबाई तोवर डब्यातली भाकरी खात होत्या. मदतीला म्हणून त्यांनी मानही वळवली नाही.

मन्यार म्हणजे बांगड्या भरणारे. सकीनाबाईंचे वडील पेटी घेऊन तापीकाठच्या प्रकाशा गावच्या यात्रेला, कळसाडीकडच्या कापसाच्या गावांना जात आणि लहानपणी सकीनाबाई त्यांच्याबरोबर फिरत. शेतात राबणाऱ्या बायकांचे पंजे रुंद आणि कडक, मनगटं मात्र बारीक. मनगटाला नेमकी बसेल ती बांगडी पंजावरून जाता जात नाही. वडील अंगठा आत दाबायचे, एक सांधा पार करायचे, थांबायचे, बाईला इकडच्या तिकडच्या गोष्टी विचारायचे, आणि हात सैल पडला की पुढचा सांधा. घाई केली तर काच फुटते आणि हात कापतो. सकीनाबाईंनी हे मला एकदा बोलता बोलता सांगितलं. त्यांच्या शिकवण्याशी त्याचा काही संबंध आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. मला तो दिसतो, म्हणून मी इथे लिहिते.

आता त्या मुलीची गोष्ट, जी मी या जिल्ह्यातल्या प्रत्येक नव्या शिक्षकाला ऐकवत आले.

काठीहून, म्हणजे वर सातपुड्यातून, रमिला वसावे नावाची मुलगी आमच्या वसतिगृहात आली. घरी भिलीच बोलायची, आमची मराठी तिला पुस्तकातून भेटलेली. गणिताचे एक तरुण सर हसत हसत स्टाफरूममध्ये तिचा पेपर घेऊन आले. “बघा, सत्तेचाळीस अधिक पस्तीस बरोबर बेचाळीस. आमच्या इथे मिळवलं की कमी होतं.” सगळे हसले. मीही हसले असेन.

सकीनाबाईंनी पेपर मागून घेतला. मुलीने उत्तराआधी चार ओळी लिहिल्या होत्या. पहिलीत दोन आणि सात. दुसरीत एक आणि पंधरा. तिसरीत तीन आणि बावीस. चौथीत चार आणि दोन. त्या चार ओळींपाशी सकीनाबाई तास संपेपर्यंत बसल्या. घंटा झाली तशा उठल्या, ऑफिसातून चिंचोक्यांचा डबा घेतला आणि वसतिगृहाच्या ओट्यावर रमिलासमोर जाऊन बसल्या. “माले दखाड,” म्हणाल्या, “तू कसं मोजं.”

रमिलाने चिंचोक्यांचे ढीग केले. तिच्या घरी विसांनी मोजतात. सत्तेचाळीस म्हणजे दोन विसा आणि सात. पस्तीस म्हणजे एक वीस आणि पंधरा. मिळवले तर तीन विसा आणि बावीस. बावीसमध्ये आणखी एक वीस निघते. म्हणजे चार विसा आणि दोन. तिने चार लिहिले, शेजारी दोन लिहिले. ब्याऐंशी चिंचोके ओट्यावर समोर पडले होते आणि त्यात एकही कमी नव्हता.

सकीनाबाईंनी पेन्सिल काढली. या वेळी रेघ शेवटच्या ओळीच्या खाली मारली आणि लिहिलं: ‘शेवटपर्यंत बरोबर. आता दहांत मांड.’ मग मुलीला वर्गात नेऊन फळ्याचे दोन भाग केले, एका भागात विसांची मांडणी, दुसऱ्यात दहांची, आणि रमिलाला म्हणाल्या, आता तू या सगळ्यांना शिकव. जी पोरं तिच्या बोलण्याला हसायची ती त्या दिवशी चिंचोके गोळा करायला पळाली. तरुण सरांना त्या रागावल्या नाहीत. फक्त पेपर परत देताना म्हणाल्या, “सर, हा निवांत वाचा. छान आहे.” सरांनी वाचला. पुढे ते चांगले शिक्षक झाले, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते.

डोंगरातली मुलं होळीला घरी जातात. काठीची होळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना सांगून कळणार नाही. ढोलांच्या आवाजाने कान भरलेलं पोर नंतर शाळेची घंटा ऐकायला परत येईल याची खात्री कोणी द्यावी? दर वर्षी काही मुलं वरच राहायची. कोणी शेळ्या राखायला, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळायला. हेडमास्तर पालकांना पत्रं पाठवायचे. ती पत्रं बहुधा चुलीला उपयोगी पडत.

सकीनाबाईंनी वेगळंच सुरू केलं. घरी निघालेल्या प्रत्येक मुलाला त्या एक गणित द्यायच्या, अर्धं सोडवलेलं. उरलेलं आल्यावर त्यांच्यासमोर फळ्यावर करायचं, घरी नाही, हा नियम. रमिलाला दिलेलं गणित मला आठवतं. चार टोपल्यांत प्रत्येकी छत्तीस आंबे, त्यात एकोणीस सडके निघाले, राहिलेले पाच घरांत सारखे वाटायचे. सकीनाबाईंनी चार छत्तीस एकशे चव्वेचाळीस इथपर्यंत लिहून दिलं होतं. मी म्हटलं, “हे काय? भूक लागलेल्याला अर्धा घास?” त्या म्हणाल्या, “अर्ध्या घासाचं माणूस लवकर परत येतं.”

बहुतेक मुलं परत आली. रमिला आली नाही. दोन आठवडे वाट पाहून सकीनाबाई म्हणाल्या, चला. मी का गेले मला माहीत नाही, मला घाटातल्या जीपमध्ये ओकारी येते. ती त्या दिवशीही आली. आम्ही पोचलो तेव्हा रमिलाची आई अंगणात मोहाची फुलं पसरत होती आणि रमिलाच्या कडेवर धाकटा भाऊ होता. सकीनाबाईंनी शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही सांगितलं नाही. पाणी प्यायल्या, फुलांचा वास घेतला, पिकापाण्याची चौकशी केली. मग रमिलाला विचारलं, “गणित कोठे शे?”

मुलीने कुडाच्या भिंतीत खोचलेली चिठ्ठी काढून दिली. एकशे चव्वेचाळीसच्या पुढे काहीही लिहिलेलं नव्हतं.

“येत नाही का?” मी विचारलं.

“येतं,” रमिला म्हणाली. “पण ते तिकडे करायचं आहे ना.”

तिची आई तिच्या भाषेत भराभरा काहीतरी बोलली. तिथेच बसलेल्या रमिलाच्या मामाने आम्हाला मराठीत सांगितलं: “ती म्हणते, ही पोरगी रोज संध्याकाळी हा कागद घेऊन चुलीपाशी बसते. मी म्हणते, करून टाक एकदाचं. तर म्हणते, बाई समोर पाहिजेत. आता घेऊन जा हिला. माझ्या घरात ते गणित आणखी किती दिवस ठेवू?”

रमिला आमच्याबरोबर खाली आली. परतीच्या जीपमध्ये ती दोघींच्या मधे बसली होती आणि तिच्या मुठीत ती चिठ्ठी होती. आज तिची मुलगी गावातल्या शाळेत आहे आणि दर शनिवारी सकीनाबाईंच्या वर्गाला येते. कुलपासमोर उभ्या असलेल्या मुलांत ती होती. कुलपाची बातमी मला तिनेच दिली. सकीनाबाईंनी त्या दिवशी दुपारी फोन करून मला एवढंच सांगितलं होतं, की आज वर्ग टाकीपाशी घेतला, ऊन छान होतं.

माझ्यावर त्यांनी केलेल्या उपकारांचं मी लिहू नये अशी त्यांची इच्छा असणार. ती मी मोडते. माझे यजमान गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि प्रत्येकजण मला काहीतरी समजावत होता. तेरावं झालं, माणसं गेली, आणि संध्याकाळी सकीनाबाई आल्या. हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या आणि काखेत सातवीच्या पेपरांचा गठ्ठा. म्हणाल्या, “माझे डोळे दुखतात. तुम्ही तपासून द्याल का?” मी म्हटलं, मला गणित येत नाही. “उत्तरं मी दिली आहेत. तुम्ही फक्त पायरी पायरी बघत जा. जिथे घसरलं तिथे रेघ मारा.” मी बसले. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर. रात्रीच्या जेवणापर्यंत मी यजमानांचा विचार न करता कितीतरी ओळी वाचल्या होत्या आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या रोज येत राहिल्या. पेपर संपले तेव्हा त्यांनी दुसऱ्या शाळेतून गठ्ठा आणला. त्यांच्या डोळ्यांना तेव्हा काहीही झालेलं नव्हतं. सांत्वनाचा एक शब्द त्या बोलल्या नाहीत, आणि त्या दिवसांत ज्यांनी कोणी सांत्वन केलं त्यांचा एकही शब्द आज मला आठवत नाही.

आता खोली. सकीनाबाई निवृत्त झाल्या तेव्हा संस्था त्यांना चांदीची समई देणार होती. त्यांनी विचारलं, त्याऐवजी मागच्या व्हरांड्यातली पडीक खोली शनिवारपुरती मिळेल का? मिळाली. त्यांच्या पुतण्याने, तो गवंडी आहे, तीन भिंतींना गुळगुळीत प्लास्टर करून दिलं आणि जमिनीपासून मुलांच्या डोक्यापर्यंत काळा रंग लावला. तीन भिंतींचा एकच फळा. नेहमीच्या फळ्यावर जागा संपली की वरचं पुसावं लागतं, आणि पुसलं की पोराला आपण कुठून आलो ते दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. या फळ्यावर गणित दारापाशी सुरू होतं आणि भिंत धरून चालत चालत खिडकीपाशी संपतं. मुलं त्याच्याबरोबर चालतात. चूक झाली तर ती पुसायची नाही. वाचता येईल अशी एक आडवी रेघ मारायची आणि पुढे जायचं. डस्टर बाईंच्या कपाटात असतं आणि वर्ग सुटल्यावरच बाहेर येतं. शाळेत नापास होणारी, घरी कोणी विचारणारं नसलेली, डोंगरातली आणि गल्लीतली, हिंदू आणि मुसलमान, सगळ्या वयांची मुलं त्या भिंतींना नाक लावून उभी असलेली मी पाहिली आहेत. फी नाही. हजेरी नाही. बाईंचे गुडघे दुखतात म्हणून एक स्टूल आहे. त्यावर त्या बसत नाहीत, कमी उंचीच्या मुलाला उभं करतात.

समारंभानंतरच्या सोमवारी ही खोली एका स्पर्धा परीक्षांच्या क्लासला दिली जाणार आहे. भिंतींना क्रीम रंग देणार आहेत. हे मला कोणी सांगितलं नाही. खोलीच्या दारावर सोमवारची तारीख घातलेला क्लासचा बोर्ड आधीच लागला आहे आणि क्रीम रंगाचे डबे व्हरांड्यात ठेवले आहेत. माझे डोळे मात्र खरोखर अधू आहेत, तरी मला ते दिसले.

मी संस्थेच्या सचिवांना भेटायला गेले. सचिव आमचेच विद्यार्थी. उसाच्या शेतातून वर आलेला हुशार, कामाचा माणूस, त्यांनी शाळेला पाण्याची सोय करून दिली, हे मी नाकारत नाही. त्यांनी चहा मागवला.

“मॅडम, तुम्ही कसाले तरास करी लेतस? समारंभन्या खुर्च्या ठेवेल शेतस तठे.”

“आणि दारावरचा बोर्ड? तो खुर्च्यांचा आहे का?”

ते थोडे हसले. “मॅडम, जमाना बदलना. आते परीक्षामा पायऱ्या कोन इचारस? चार गोल ऱ्हातस. एक काळा करना, पुढे चालना. त्या क्लासवाला पाच सेकंदमा उत्तर काढानं शिकाडतस.”

“आणि काढता आलं नाही तर?”

“तर अंदाजा.”

मी म्हटलं, “सहावीत तुम्ही एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश मिळवून दोन पंचमांश उत्तर काढलं होतं. वरच्यात वरचे, खालच्यात खालचे. पाच सेकंदही लागले नव्हते.”

ही गोष्ट मला ठाऊक आहे याचं त्यांना आश्चर्य वाटलं. मी शेजारच्या वर्गात होते आणि मधली भिंत पातळ होती. सकीनाबाई त्यांना म्हणाल्या होत्या, “भाऊ, अर्धी भाकर तू खादी. मंग वरतून तिसरा हिस्सा परत खादा. आनि पोट अर्धाथून बी कमी भरनं? कसं काय?” सगळा वर्ग हसला, भाऊ स्वतःही हसले, आणि मग सकीनाबाईंनी भाकरी मागवून तिचे सहा तुकडे केले आणि भाऊंकडून ते पुन्हा पुन्हा मोजून घेतले. सहातले तीन आणि दोन, पाच. ती भाकरी त्यांच्या डब्यातली होती. त्या दिवशी त्या दुपारी जेवल्या नाहीत.

सचिव म्हणाले, “बाई देवमानूस शेतस. म्हनीसनच तं सत्कार करी ऱ्हायनूत.”

“सत्कार करा,” मी म्हटलं. “पण भिंतींना हात लावू नका.”

“दखूत, मॅडम.”

हे ‘दखूत’, म्हणजे ‘बघू’, घेऊन मी घरी आले. सकीनाबाईंना सांगितलं. त्या माझ्यावर थोड्या रागावल्या. “कशाला गेलात? मुलं टाकीवर लिहितात. टाकी मोठी आहे.” मी म्हटलं, टाकी गोल आहे, सावलीच्या बाजूला चार ओळी मावतात, आणि पुढची पायरी उन्हात जाते. मग त्या हळूच म्हणाल्या, “भिंतीवर एक गणित अर्धं राहिलंय. रमिलाच्या मुलीचं. तिला सांगितलंय मी, पुढच्या शनिवारी करू.” इतक्या वर्षांत सकीनाबाईंनी कुणाविरुद्ध केलेली एवढीच तक्रार मी ऐकली आहे, आणि तीही त्यांनी तक्रार म्हणून केली नाही.

सकीनाबाई, तुम्हाला या लेखाचा त्रास होईल, हे मी जाणते. तुम्ही मला म्हणाल, समारंभाच्या दिवशी कशाला. पण तुमच्यासाठी दुसरा कोणता दिवस आम्ही राखून ठेवला होता? तुमचे गुडघे तुम्हाला फळ्यापाशी उभं राहू देवोत. बारीक अक्षर वाचणारी तुमची नजर तशीच राहो. तुमच्या हातातल्या बांगड्या वाजल्या की पोरांना कळतं, बाई आता आपल्या ओळीपाशी आल्या. तो आवाज या गावात पुष्कळ वर्षं ऐकू येवो. आज तुमच्या वर्गात असलेल्या मुलांची मुलं तुमच्यापुढे उभी राहोत आणि तुम्ही त्यांनाही फुली मारू नये. माझ्याशी शुद्धलेखनावर भांडायला तुम्ही मला हव्या आहात. माझ्या मागे राहा, माझ्या आधी जाऊ नका. एवढं एक माझं ऐका.

आता संस्थेसाठी. या लेखाची प्रत मी आज सचिवांच्या हातात दिली आहे आणि पोच घेतली आहे. खोली क्लासला देण्याचं कोणी सुचवलं, कोणी मान्य केलं आणि सकीनाबाईंना विचारण्याची गरज का वाटली नाही, हे क्रमाने लिहून हवं आहे. भिंती रंगवल्या जाणार नाहीत आणि किल्ली परत दिली जाईल, हे स्पष्ट शब्दांत हवं आहे. लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. फोन, निरोप आणि ‘दखूत’ ही उत्तरं धरली जाणार नाहीत. हा ग्रंथ येत्या शनिवारी दुपारी चार वाजता छपाईला जातो. तोपर्यंत उत्तर आलं तर ते शब्दशः या लेखाखाली छापलं जाईल. संपादक, तेही सकीनाबाईंचेच विद्यार्थी, त्यांनी त्यासाठी खाली अर्धं पान राखून ठेवलं आहे. चार वाजेपर्यंत आलं नाही, तर ते अर्धं पान कोरंच छापलं जाईल, आणि समारंभात ग्रंथ उघडणारा प्रत्येकजण ते पाहील.

इंदुमती पाटील
निवृत्त इंग्रजी शिक्षिका